मोटारीच्या इंधन पंपाची घरघर : निदान आणि बदल

बीडहून सोलापूरकडे निघालेला रस्ता पाली गाव मागे टाकून बालाघाटाच्या डोंगरावर चढू लागतो आणि घाट संपल्यावर माथ्यावर मांजरसुंबा लागते. पूर्वी २११ ह्या क्रमांकाने आणि आता ५२ ह्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील हे गाव चौरस्त्याचे आहे. पश्चिमेस लिंबागणेशवरून पाटोद्याकडे, पूर्वेस नेकनूरवरून केज व अंबाजोगाईकडे, दक्षिणेस चौसाळ्याकडे आणि उत्तरेस घाट उतरून बीडकडे अशा वाटा येथून फुटतात. कार्तिक पौर्णिमेस जवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला यात्रा भरते, तेव्हा तर ह्या चौकातून वाहनांची रीघ लागलेली असते.

डोंगरमाथ्यावरील शेतकऱ्याला आपला माल विकण्यासाठी बहुधा घाट उतरावाच लागतो. बालाघाटाच्या उतारावरील सीताफळ प्रसिद्ध आहे. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हे फळ मोठे नाजूक. डोळे उघडलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. दूध व पालेभाजी यांची गोष्ट याहून निराळी नाही. माल भरलेली गाडी घाटात बंद पडली आणि ती दुरुस्त होण्यात एक दिवस गेला, तर त्या खेपेचा नफाच नव्हे, तर कित्येकदा तोडणीची मजुरीही अंगावर पडते. अशा बंद पडण्याची सूचना गाडी पुष्कळदा आगाऊ देत असते. मागच्या आसनाखालून येणारी बारीक घरघर ही त्यांपैकीच एक सूचना होय.

ह्या घरघरीच्या बाबतीत दोन प्रकारचे लोक आढळतात. एक जण म्हणतो, ‘गाडी चालते आहे ना, मग आवाज का ऐकावा?’ दुसरा आवाज ऐकताच गॅरेज गाठतो आणि काही हजार रुपये मोजून नवा पंप बसवून घेतो. पंधरा दिवसांत तीच घरघर पुन्हा सुरू होते. पहिल्याचे नुकसान घाटात होते, दुसऱ्याचे गावातच. आवाज पंपाचा आहे किंवा नाही, आणि पंपाचा असल्यास दोष पंपात आहे की पंपाला मिळणाऱ्या इंधनात व विजेत आहे, हे ठरविल्यावाचून खिशात हात घालू नये.

विहिरीतील पाणबुडी आणि टाकीतील पाणबुडी

पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये इंधन पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असे. इंजिनातील कॅम एक दांडी हलवी, दांडीने रबरी पडदा खालीवर होई आणि टाकीतील पेट्रोल ओढले जाई. असा पंप चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास एवढाच दाब देतो, व कार्ब्युरेटरला तेवढा पुरतो. अजूनही काही जुन्या जीपगाड्या व व्हॅन अशा पंपावर चालतात. त्यांचा आवाज टकटकीचा असून तो इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो. अशा पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरते. तेलाची पट्टी काढून पाहावी; पातळी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असला, तर गाडी चालवू नये. पडदा अगर पंप बदलून तेलही नवे भरावे.

इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत मात्र पंप विजेवर चालतो आणि तो टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. शेतकऱ्याला ही रचना नवी वाटू नये. विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलेल्या पाणबुडी मोटारीचीच ही धाकटी बहीण आहे. पाणबुडी मोटार भोवतालच्या पाण्याने थंड राहते. हा पंप पेट्रोलाने थंड राहतो. पेट्रोल त्याच्या मोटारीच्या पोटातूनच वाहत असते आणि फिरणाऱ्या भागांना वंगणही तेच पुरविते. विजेची मोटार पेट्रोलात ठेवणे ऐकण्यास भयंकर वाटते. परंतु टाकीत वाफ एवढी दाट असते की पेट घेण्यास लागणारी हवा तेथे पुरेशी नसते. धोका निर्माण होतो तो टाकी उघडल्यावर.

बोअरचे पाणी खाली गेले म्हणजे मोटार हवा ओढू लागते, तिचा सूर बदलतो, आणि मालक जवळपास नसेल तर ती जळते. उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात हा अनुभव न घेतलेला बागायतदार विरळाच. टाकीतील पंपाचेही नेमके असेच होते. टाकीत सदैव दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवून गाडी हाकण्याची सवय अनेकांना असते. सपाट रस्त्यावर ते कसेबसे भागते. घाट चढताना मात्र टाकीतील पेट्रोल एका अंगाला सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि तो हवा गिळू लागतो. पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी असते खरी, पण लांब चढणीवर तीही रिती होते.

आवाज कोणाचा?

तपासणीचा आरंभ इंजिन बंद ठेवून करावा. एकाने चावी चालू स्थितीत आणावी, स्टार्टर मारू नये. दुसऱ्याने मागच्या आसनाजवळ कान द्यावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत चावी फिरविताच पंप दोन-तीन सेकंद चालतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. निरोगी पंपाची गुणगुण मधमाशीसारखी मंद व एकसुरी असते. त्या दोन-तीन सेकंदांतच कर्कश शीळ, खरखर किंवा कण्हल्यासारखा सूर ऐकू आला, तर आवाज पंपाचा आहे हे निश्चित समजावे. कारण त्या वेळी गाडीत दुसरे काहीच फिरत नसते.

नंतर इंजिन सुरू करून गाडी उभीच ठेवावी व ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. आवाज इंजिनाबरोबर चढत-उतरत असेल, तर पट्टा, आल्टरनेटरचे बेअरिंग, पाण्याचा पंप अथवा स्टिअरिंगचा पंप यांच्याकडे वळावे. बहुतेक गाड्यांत इंधन पंप एकाच गतीने फिरतो, त्यामुळे त्याचा सूर इंजिनाच्या गतीने फारसा हलत नाही. काही नव्या गाड्यांत पंपाची गती इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने कमीअधिक केली जाते; तेथे हा पुरावा पुरेसा मानू नये.

गाडी पळू लागल्यावरच आवाज येत असेल आणि तो वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाचे बेअरिंग किंवा डिफरन्शियल संशयित ठरते. हे पाहण्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर गिअर काढून पाहण्याची मेस्त्रींची रीत आहे. पालीच्या घाटउतारावर हा प्रयोग कोणी करू नये. गिअर काढलेली भरली गाडी केवळ ब्रेकवर सांभाळावी लागते आणि ब्रेक तापून निकामी होतात.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास लांब पेचकसाचे टोक आसनाखालील झाकणाशेजारच्या पत्र्याला लावून मूठ कानापाशी धरावी. धातूमधून आवाज स्वच्छ येतो. पुष्कळदा असे आढळते की पंप ठणठणीत आहे, पण इंधनाची नळी तिच्या रबरी पकडीतून सुटून पत्र्याला टेकली आहे आणि पंपाची साधी थरथर पत्रा दसपटीने वाढवून सांगतो आहे. अशा वेळी चार आण्याच्या रबराने काम भागते.

उपाशी पंप आणि थकलेला पंप

आवाज पंपाचा ठरला तरी पंप बदलण्याची घाई नको. ओरडणारा पंप बहुधा उपाशी असतो. त्याची उपासमार चार-पाच मार्गांनी होते, आणि त्यांतील बहुतेक तपासण्या घरच्या घरी, फुकट होतात.

प्रथम टाकी निम्म्याहून अधिक भरावी. आवाज लक्षणीय उतरला, तर कमी इंधनावर गाडी चालविण्याची सवय हेच कारण होय. मात्र ही सवय बरीच वर्षे चालली असल्यास पंप आतून झिजलेला असू शकतो; आवाज निम्मा उरला तर तसे समजावे.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. गाडी काही वेळ चालवून घरघर सुरू झाली की थांबून टाकीचे झाकण सावकाश सैल करावे. आत हवा शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला आणि पाठोपाठ घरघर शमली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे. पेट्रोल संपते तसतशी तिची जागा घेण्यास हवा मिळाली नाही म्हणजे टाकीत पोकळी होते व पंपाला त्या ओढीविरुद्ध झगडावे लागते. माळरानावरच्या कच्च्या रस्त्यांची बारीक धूळ ही वाट सहज बुजविते. बाटलीला घट्ट तोंड लावून पाणी ओढणाऱ्या मुलाला जे कळते तेच येथे घडते.

तिसरे कारण गाळणी व फिल्टर. पंपाच्या तळाशी बारीक जाळीची गाळणी असते आणि पंपानंतर इंधनाचा फिल्टर असतो. तो काही गाड्यांत खाली चेसीजवळ, तर काहींत पंपाच्या जोडणीतच बसविलेला असतो. गाळणी चोंदली तर पंपाच्या तोंडाशी ओढ पडून बुडबुडे होतात व खरखर ऐकू येते. फिल्टर चोंदला तर पंपाला पुढे रेटा द्यावा लागतो, तो अधिक वीज खातो आणि सूर तीक्ष्ण होतो. फिल्टर बाहेर असलेल्या गाडीत तो आधी बदलून पाहावा. पंपाच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते, आणि बदलण्याचा काळ उलटून गेला असेल तर तो खर्च कधी तरी करायचाच होता.

चौथे कारण वीज. विजेचा दाब कमी मिळाला तर पंपाचा सूर चढत नाही, उलट खाली जातो. तो ओझ्याखाली दबल्यासारखा कण्हतो आणि गाडी चढावर गुदमरते. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट असावेत. पंपाच्या जोडावर त्यापेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी भरल्यास चालेल. परंतु तेथे १२ किंवा त्याहून कमी दिसत असतील, तर मधले दोन व्होल्ट कोठे तरी वाया जात आहेत. गंजलेली अर्थची तार, सैल पडलेला फ्यूज, आतून जळालेला रिले अथवा तापून तपकिरी झालेला प्लॅस्टिकचा जोड, यांपैकी एक गुन्हेगार असतो. जोड तपकिरी झालेला असताना नुसता पंप बदलला, तर नवा पंपही तसाच कण्हतो. विजेची ही तपासणी टाकी बंद असतानाच करावी.

पाचवे कारण खुद्द इंधन. येथे बीड जिल्ह्याच्या वाचकाला एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला. महाराष्ट्र पहिल्या राज्यांतच होता. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून तयार होते, आणि ऊस तोडण्यासाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून गाड्या भरून माणसे बाहेर पडतात. त्यांनी तोडलेला ऊस असा फिरून टाकीत येतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरून जाते व त्रास होत नाही. परंतु पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची गाळणीही तेथेच असते. पावसाळ्यात झाकणाचे रबर तडकलेले असणे, किंवा फवारणी यंत्रासाठी उघड्या कॅनमध्ये ठेवलेले पेट्रोल उरले म्हणून गाडीत ओतणे, ही पाणी शिरण्याची दोन नेहमीची दारे. फवारणी यंत्राच्या पेट्रोलात पुष्कळदा वंगण तेल मिसळलेले असते. ते तर मोटारीत मुळीच घालू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना जास्त इथेनॉल मानवते किंवा नाही, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे.

भेसळीचा संशय असल्यास विक्री केंद्रावर फिल्टर कागद मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. कागदावर टाकलेला शुद्ध पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत उडून जातो; तेलकट डाग मागे राहिल्यास ते पेट्रोल घेऊ नये.

ज्यांनी गॅसची जोडणी करून घेतली आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, कित्येक जोडण्यांमध्ये गाडी गॅसवर चालत असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच असतो. ‘गाडी गॅसवर आहे, पेट्रोल कशाला?’ म्हणून टाकी कोरडी ठेवली, तर पंप कोरडाच फिरून जळतो.

ही सर्व कारणे निकालात निघाली आणि घरघर कायम राहिली, तर दाब मोजून घ्यावा. ह्यासाठी प्रेशर गेज असलेले गॅरेज गाठणेच योग्य. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत दाब चौरस सेंटिमीटरला ३ ते ४ किलो असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पंप बंद केल्यावर दाब काही मिनिटे टिकला पाहिजे. तो लगेच कोसळत असेल, तर पंपातील झडप गळते आहे किंवा इंजेक्टर गळत आहेत. सकाळी पहिला स्टार्ट लांबण्याचे हे एक कारण असते. दाब कमी, वीज पुरेशी, फिल्टर नवा, टाकी भरलेली, आणि तरीही घरघर, असे सर्व एकत्र आले म्हणजे पंप म्हातारा झाला असे खुशाल म्हणावे. कानाशिवाय आणखी दोन साक्षी असतात. दुपारच्या उन्हात गाडी बंद पडते व अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा सुरू होते. आणि घाटाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी धाप टाकते. ह्या दोन्ही दिसू लागल्यावर माल भरून घाट उतरणे, म्हणजे परतीचा चढ दैवावर सोपविणे होय.

कामाआधी जागा पाहावी

पेट्रोलची वाफ शून्याखाली कित्येक अंशांवरही पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पाण्यासारखी सरकत जाते आणि खड्ड्यात साठते. अंगणात उघडलेल्या टाकीची वाफ पंधरा-वीस पावलांवरील चुलीपर्यंत पोहोचू शकते. यास्तव हे काम गोठ्यात, बंद शेडमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात करू नये. जागा मोकळी व वारा खेळता असावा, चूल विझलेली असावी, जवळ कडब्याची गंजी नसावी. विडी ओढणाऱ्या हौशी बघ्यांस आधीच दूर बसवावे. तारेने ओढलेला बल्ब वापरू नये. काम दिवसाउजेडीच करावे. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते.

टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची खोड खेड्यांतून फार आहे. हा घोट फुप्फुसात उतरला तर माणसाचा प्राण जाऊ शकतो. हातपंपाची नळी बाजारात थोडक्या पैशांत मिळते. कोणी चुकून पेट्रोल गिळलेच, तर त्याला ओकारी काढायला लावू नये. सरळ दवाखान्यात न्यावे.

ज्या गाड्यांत आसनाखाली झाकण नसून टाकीच खाली उतरवावी लागते, तेथे हे काम घरी करण्याचा मोह टाळावा. जॅकवर टेकलेली गाडी आणि पेट्रोलने भरलेली टाकी ही जोडी चांगली नव्हे.

पंप बदलताना

नवा पंप घेताना गाडीचा चेसी क्रमांक दुकानदारास द्यावा व शक्य तर जुन्या पंपावरील क्रमांक ताडून पाहावा. केवळ आतली मोटार स्वस्तात मिळते. गाळणी, दाब नियंत्रक व इंधनाचे माप दाखविणारा फ्लोट यांसह पूर्ण जोडणी महाग पडते. जुन्या जोडणीचे प्लॅस्टिक शाबूत असेल आणि काम करणारा हात सरावाचा असेल तर नुसती मोटार बसविण्यास हरकत नाही. प्लॅस्टिक ठिसूळ झाले असल्यास पूर्ण जोडणीच घ्यावी. कसेही केले तरी गाळणी आणि झाकणाखालचे रबरी कडे मात्र नवेच हवे. जुने कडे पेट्रोलात फुगलेले असते, ते पुन्हा नीट बसत नाही. टाकीच्या आत लागणारी रबरी नळीही बुडून राहण्यासाठीच बनविलेली असावी. बाहेर वापरण्याची साधी नळी पेट्रोलात बुडून राहिली की काही काळाने मऊ पडते.

टाकीत पाव हिश्शाहून कमी पेट्रोल असावे. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे. नळीतील पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. त्यानंतर काही सेकंद स्टार्टर फिरवावा. अशा रीतीने नळीतील दाब उतरतो. हे न करता नळी उपटली, तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत येते. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे. टाकीचे भरावाचे झाकण एकदा उघडून आतला दाब मोकळा करावा व पुन्हा लावावे.

आसन उचलल्यावर दिसणारे झाकण धुळीने माखलेले असते. ह्या ठिकाणी दहा मिनिटे खर्च करावीत असा आग्रह आहे. ब्रशने व ओल्या फडक्याने सर्व धूळ काढल्याशिवाय एकही स्क्रू ढिला करू नये. कारण जी धूळ आता टाकीत पडेल ती नव्या गाळणीचे पहिले जेवण होईल. विजेचा जोड व नळ्या सोडण्यापूर्वी त्यांच्या जागा खडूने खुणावाव्यात, आणि पंपाच्या डोक्यावरील बाणाची दिशाही टिपून ठेवावी. बाण उलटसुलट बसला तर फ्लोट टाकीच्या भिंतीला अडतो व काटा खोटे सांगतो. पेट्रोल निम्मे असताना काटा शून्यावर पाहून चालक निदान थांबतो तरी. शून्य असताना निम्मे दाखविणारा काटा अधिक घातकी.

पंप आवळणारे कडे सोडण्यास लोखंडी छिन्नी वापरू नये. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडते. पितळेचा तुकडा किंवा कठीण लाकडाची खुंटी लावून हलक्या हाताने ठोकावे. कडे सुटल्यावर पंप सरळ ओढू नये. फ्लोटची दांडी लांब असते. जोडणी थोडी तिरकी करीत, दांडी वाकू न देता ती बाहेर काढावी व तसराळ्यात ठेवावी. भोक ताबडतोब स्वच्छ फडक्याने झाकावे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. जुनी गाळणी पांढऱ्या कापडावर उपडी करून पाहावी. तांबूस चूर्ण दिसल्यास टाकी आतून गंजली आहे. मऊ तपकिरी गाळ असल्यास तो धुळीचा किंवा कुजलेल्या रबराचा असतो. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर पाणी शिरण्याचे दार शोधावे. टाकी धुतल्यावाचून गंजलेल्या टाकीत नवा पंप सोडणे, म्हणजे गाळ भरलेल्या विहिरीत नवी पाणबुडी सोडण्यासारखेच होय. पंधरा दिवसांत घरघर परत येण्याची पुष्कळशी प्रकरणे येथेच उगम पावतात.

नवी जोडणी खुणेप्रमाणे बसवावी, नवे कडे सपाट बसले आहे हे बोट फिरवून पाहावे, नळ्यांची कुलपे ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावीत. टाकीत पेट्रोल भरण्यापूर्वी नवा पंप आवाज ऐकण्याच्या उत्सुकतेने कोरडा चालवून पाहू नये. प्रथम निदान दहा लिटर पेट्रोल भरावे. आसपास वाफ राहिली नाही याची खात्री करून बॅटरी जोडावी, फ्यूज बसवावा, आणि स्टार्टर न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करावी. दर खेपेस पंप दोन-तीन सेकंद चालून नळी भरत जातो. ह्या वेळी एका माणसाने जोडांवर नजर ठेवावी. कोठे ओल किंवा वास आढळल्यास इंजिन सुरू करू नये.

डिझेलच्या गाड्यांविषयी थोडेसे

ट्रॅक्टर व डिझेल पिकअप यांचे गणित वेगळे आहे. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये फीड पंप टाकीतील डिझेल फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे पाठवितो. तेथे इंजिन अडखळू लागले तर पंपावर आळ घेण्यापूर्वी नळीत शिरलेली हवा काढावी : फिल्टरवरील हवा सोडण्याचा स्क्रू ढिला करावा, हाताचा पंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल गाड्यांत मात्र इंजिनाकडील नळ्यांत चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक दाब असू शकतो. गळती शोधण्यासाठी अशा नळीवरून बोट फिरविणे अत्यंत धोक्याचे आहे. सुईहून बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यासाठी शस्त्रक्रियेची तातडीने गरज पडते. ह्या नळ्या प्रशिक्षित मेस्त्रीखेरीज कोणीही सोडू नयेत.

काम झाल्यावर

उरलेले पेट्रोल विहिरीच्या, बोअरच्या किंवा गोठ्याच्या जवळ ओतू नये. ते गाळून धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवावे. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती उघड्यावर पसरून वाळू द्यावीत.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने जवळच्या जवळ घ्यावी आणि त्यानंतरच घाट चढून-उतरून पाहावे. आसनाखालचे झाकण मात्र पहिले तीन-चार दिवस सैलच ठेवावे. दुपारच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे दार उघडताच पेट्रोलचा वास आला, तर रबरी कडे तिरपे बसले आहे असे समजून ते पुन्हा बसवावे. वास नसेल, तर झाकणाचे स्क्रू आवळून आसन जागेवर बसवावे.